नवरंगकडून एक सीझन

रविवारी सकाळी आमच्या दारासमोरच्या कट्ट्यावर माझ्या नवऱ्याची वाटणी चालली होती.

"नवरंगनं बोलावलंय त्याला, त्यात गैर काय हाय?" सुभान मुल्लाणी विचारत होता. "सोळा वर्षं आपल्यासाठी पळला. एक वर्ष सोताच्यासाठी पळू दे की."

"सोताच्यासाठी?" हा एकनाथ निगवेकर. "सोताच्यासाठी खेळायचं असंल तर कॅरम खेळ म्हणावं. फुटबॉल पेठेसाठी खेळायचा असतोय."

हशा पिकला. मी आत चहाचं आधण वाढवलं, कारण कट्ट्यावरची डोकी वाढत चालली होती. दसरा नुकताच होऊन गेलेला, मॅचेस सुरू व्हायला अवकाश, आणि कोल्हापुरात हे दिवस म्हणजे जिभेचे. पायांना काम नसलं की सगळा फुटबॉल तोंडानं खेळला जातो.

बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं प्रत्येक पेठेत तालीम आहे. एकेकाळी तिथं पैलवान घुमायचे, आता त्या तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम उतरते. माणूस ज्या गल्लीत जन्मला त्या टीमचा तो होतो. आडनाव बदलता येईल, पण टीम बदलता येत नाही. आमची चिंचेखालची तालीम. ह्या तालमीनं माझ्या आठवणीत एकदाही सेमीफायनल बघितलेली नव्हती, आणि तरी हिच्याएवढा गोंगाट करणारे लोक दुसऱ्या कुठल्या पेठेत नव्हते. नवरंगची गोष्ट वेगळी. नवरंग दरवर्षी फायनलच्या आसपास असायची.

माझा नवरा म्हणजे निवास डकरे. समोर मी त्यांना अहो म्हणते, पण सगळी पेठ निवासअण्णा म्हणते, म्हणून इथं निवास असंच लिहिते. उद्यमनगरात लेथवर काम आणि संध्याकाळी ग्राउंड. मधल्या फळीत खेळायचा. पास देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी बायको म्हणून सांगत नाही. माझं माहेर गडहिंग्लज. तिथंही पोरं चालायला लागायच्या आधी बॉलला लाथ मारतात, त्यामुळं खेळ मला कळतो. लग्न ठरताना वडिलांनी स्थळाची चौकशी एका वाक्यात केली होती, "पोरगा डाव्या पायानंबी मारतो का?"

त्या सकाळी हा दोन्ही पायांनी मारणारा माणूस मागच्या खोलीत बसला होता, गुडघ्यावर गरम पाण्याचा शेक घेत. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, उजवा गुडघा अजून एक सीझन काढेल, त्याच्या पुढं जिना चढायला पुरला तरी नशीब. नवरंगच्या सेक्रेटरीचा निरोप आला तो ह्यानंतर आठवड्याभरात. त्यांना पोरांना सांभाळून घेणारा एक जाणता खेळाडू हवा होता. निवासनं होकार दिला होता. बुधवारी असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन नाव नोंदवायचं, की झालं. गाव रात्री दूध प्यायला जमतं त्या दूधकट्ट्यावर ही बातमी फुटली आणि रविवार उजाडला.

"ऐकताय ना?" मी विचारलं.

"हं."

"मग बाहेर जाऊन सांगा की, चाललोय म्हणून. सगळ्यांच्या जिवाला स्वस्थता."

"सांगतो. चहा तर होऊ दे."

"तुम्हाला जायचंय ना पण?"

त्यानं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, गुडघ्यावर ठेवलं. हा माणूस बोलायच्या आधी हाताला काहीतरी काम देतो.

"शैला, मी फायनल कधी खेळलोच न्हाई. दरवर्षी गॅलरीत बसून बघतोय. टीम भायेर येत्यात, सगळं स्टेडियम उठून उभं ऱ्हातंय, हलगी वाजत असते. एकदा खालनं वर बघायचंय. जिकलो न्हाई तरी चालंल."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यानं मला हे हवं, ते हवं असं कधी म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी गप जेवणारा माणूस. त्यामुळं ते ऐकलं आणि त्याच क्षणी मी ठरवलं की काहीही झालं तरी हा बुधवारी त्या ऑफिसात जाणार.

बाहेर आवाज चढले होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले.

"यंदा आपली टीम तयार हाय," एकनाथ सांगत होता. "यंदा आपण वर चढतोय. आणि नेमकं ह्याच टायमाला अण्णा गेला तर?"

"मागच्या वर्षीबी हेच म्हणत हुतास," सुभान म्हणाला.

"मागच्या वर्षी पाऊस आला मॅचला."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"त्याच्या आदल्या वर्षी रेफ्री आला."

पुन्हा हशा. एकनाथ स्वतः हसला नाही. रिक्षा चालवायचा तो. अंगानं आडदांड, मिशा भरघोस. रिक्षाच्या मागं पाटीवर देवाचं नाव असतं ना, तिथं ह्यानं 'निवास १०' असं रंगवून घेतलं होतं. थोरल्या पोराचं नाव निवासच. माझा नवरा बाजारात भेटला की हा प्रवासी बसलेले असले तरी रिक्षा थांबवून, खाली उतरून हात मिळवायचा. त्याच्या प्रेमाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. अडचण तीच होती.

"आणि तिथं नेऊन बाकावर बसवतील अण्णाला," तो म्हणाला. "नवरंगला किंमत हाय व्हय माणसाची? वय झालेला खेळाडू घ्यायचा आणि कोपऱ्यात टाकायचा. आपल्यात त्याला कोण बाकावर बसवंल? हात तोडीन मी!"

"एकनाथभावजी, चहा घ्या आधी," मी म्हटलं. "आणि मला एक सांगा. तुम्ही एवढं प्रेम करता अण्णांवर, मग त्यांनी एकदा फायनल खेळावी असं नाही वाटत?"

"वाटतंय की, वहिनी! का न्हाई वाटणार? पण आपल्या शर्टावर."

"आपल्या शर्टावर कधी? गुडघ्याला एकच सीझन उरलाय."

"मग ह्याच सीझनला!"

सुभाननं माझ्याकडं बघून हात वर केले. सुभान टेम्पो चालवायचा आणि एकनाथचा बालपणापासूनचा मित्र होता, तरी त्या दिवशी गल्लीत शहाण्यासारखं बोलणारा तो एकटाच.

"वहिनी बरोबर बोलत्यात," तो म्हणाला. "अरे, तुझ्या पोरीला चांगलं स्थळ आलं तर तिला काय घरातच ठेवून घेशील?"

"नवरंगच्या गल्लीत देणार न्हाई," एकनाथ म्हणाला, आणि ह्या वेळी मलाही हसू आलं. वाटलं, भांडण हसण्यावर आलंय म्हणजे आता विरघळेल. चहा होईल, निवास बाहेर येऊन दोन शब्द बोलेल, एकनाथ तासभर फुगून बसेल आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच सांगत सुटेल की अण्णाला नवरंगनं हात जोडून नेलं म्हणून.

तेवढ्यात तालमीच्या दारातून बोंद्रे वस्ताद येताना दिसले आणि कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

वस्ताद म्हणजे तालमीचे कारभारी. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, आवाज कधीच न चढवणारे. निवासला पहिल्यांदा मैदानात उतरवलं ते त्यांनीच. त्यांच्या हातात पितळेचं ताट होतं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा.

तालमीच्या आवारात बिरोबाचं लहानसं देऊळ आहे. तिथला भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आमच्या पेठेत कुणी मोडत नाही. जमिनीचे वाद त्याच्यावर मिटलेले मी पाहिले होते. दारू सोडलेले दोघेजण तर समोरच राहायचे. फुटबॉलसाठी भंडारा बाहेर निघालेला मात्र कधी ऐकला नव्हता.

"निवास," वस्तादांनी हाक मारली, "भायेर ये बाळा."

निवास बाहेर आला. विजारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला तसाच होता. गल्ली एव्हाना भरली होती. बायका गच्चीत, पोरं कट्ट्याखाली.

"हे बघ," वस्ताद म्हणाले, "मी तुला अडवणार न्हाई. जायचं असंल तर खुशाल जा. मी काय, कोण काय म्हणणार न्हाई. पण लोकं कायबी बोलाय लागल्यात. मला ते ऐकवत न्हाई. तुझ्या मनात जायचं नसंल तर एवढा भंडारा उचल, म्हंजे सगळ्यांची तोंडं बंद हुतील. मनात असंल तर नको उचलूस."

काय सफाई होती बघा! अडवत नाही म्हणायचं आणि सगळ्या पेठेसमोर ताट पुढं धरायचं. न उचलणं म्हणजे त्या माणसांच्या तोंडावर दार लावणं.

निवास ताटाकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"उचलू नका," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं. सासरच्या गल्लीत एवढ्या माणसांत मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "वस्ताद म्हणतायत ना खुशाल जा? मग जायचं. ह्यांना फायनल खेळायचीय, वस्ताद. दुसरं काही नकोय."

वस्ताद माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्याला ठरवू दे, पोरी."

मला निवासच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तो नाही म्हणणार होता. त्यानं मान वर केली होती, श्वास घेतला होता. अजून एवढासा वेळ मिळाला असता तर शब्द बाहेर पडला असता.

आणि एकनाथ रडायला लागला.

ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर मी तिथंच त्याचे वाभाडे काढले असते. एवढा धिप्पाड माणूस, चहाचा कप हातात तसाच, आणि पोरासारखा हुंदके देत होता. मिशा ओल्या झाल्या. "अण्णा," एवढंच म्हणत होता. "अण्णा, तू नसलास तर आम्ही कुणाला बघायला जायचं?"

निवास मैदानात समोरचा खेळाडू पडला की बॉल सोडून त्याला उठवायला जायचा. वस्ताद त्यावरून त्याला कितीदा बोलले असतील. त्यानं एकनाथकडं बघितलं, दोन पावलं पुढं आला आणि भंडारा उचलला.

वस्ताद सांगत गेले, तो म्हणत गेला. "चिंचेखालच्या तालमीशिवाय दुसऱ्या कुणाचा शर्ट अंगात घालणार न्हाई."

मग जो दंगा झाला! हलगी कुठून आली कुणास ठाऊक. निवासला खांद्यावर घेतलं, गल्लीतून फिरवलं, भंडाऱ्यानं नुसता पिवळा केला. एकनाथ सगळ्यात पुढं नाचत होता, डोळे अजून ओलेच. सुभान मात्र माझ्या शेजारी येऊन कप गोळा करायला लागला. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "ताट आपल्या लोकांच्या पुढंबी फिरवायला पायजे हुतं. त्याला खेळवणार म्हणून ह्यांनी कुठं भंडारा उचललाय?"

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. राग एवढा होता की कान बंद झाले होते.

दुपारी निवास नवरंगच्या सेक्रेटरीकडं जाऊन नाही म्हणून सांगून आला.

"का उचललात?" मी विचारलं.

"एकनाथ रडत हुता."

"आणि तुम्ही? तुम्ही कधी रडायचं?"

तो हसला. "यंदा आपली टीमबी बरी हाय, शैला. कुणाला काय ठावं." त्यानं स्वतःला ते पटवून दिलं होतं, किंवा मला पटवत होता. मी त्याच्या विजारीचा दुमडलेला पाय सरळ केला आणि त्या दिवशी त्याच्याशी पुढं बोलले नाही.

टीम खरंच बरी होती. अण्णा राहिला ह्या आनंदात पेठेला असा काही हुरूप चढला की यंदा कप आणायचाच म्हणून सगळी कामाला लागली. कुणी शर्ट आणले, कुणी बूट आणले, आणि वस्तादांच्या ओळखीनं गोव्याहून एक पोरगा आणला. फ्रान्सिस नाव त्याचं. बावीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा, हसला की गालाला खळी पडायची. खेळायचा मधल्या फळीत.

पोरगा वाईट नव्हता. निवासच्या पाया पडला पहिल्याच दिवशी. निवासनं त्याला आमच्याकडं जेवायला आणलं, तांबडा रस्सा पिताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणून आम्ही दोघं हसलो. तालमीच्या आवारातल्या सरावात निवास त्याला कुठं उभं राहायचं, कधी थांबायचं ते शिकवायचा. मी दारातून बघायची आणि मला सुभानचं वाक्य आठवायचं.

पहिल्या मॅचला तालमीनं निवासचा सत्कार केला. मैदानाच्या मधोमध शाल, श्रीफळ, फेटा. वस्तादांनी स्वतः शाल घातली. गॅलरीतून निवासअण्णाच्या नावानं आरोळ्या उठल्या. मग रेफ्रीनं शिट्टी वाजवली, निवास शाल काखेत धरून बाहेर आला आणि बाकावर बसला. मधल्या फळीत फ्रान्सिस होता.

"दुसऱ्या हाफला घेतो तुला," वस्ताद म्हणाले होते. दुसऱ्या हाफला आपण एका गोलानं पुढं होतो, म्हणून जमलेली टीम कशाला मोडायची असं ठरलं. पुढच्या मॅचला आपण मागं होतो, म्हणून पळणारा माणूस बाहेर कसा काढायचा असं ठरलं. कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक वेळी कारण बरोबरच असायचं. गॅलरीतून कुणी निवासचं नाव घेतलं नाही, कारण फ्रान्सिसच्या पायात बॉल होता आणि माणसं मॅच बघायला आलेली होती. एकनाथ सगळ्यात मोठ्यानं फ्रान्सिसच्या नावानं ओरडायचा. हात वगैरे त्यानं कुणाचे तोडले नाहीत.

संपूर्ण सीझनमध्ये निवास मैदानात उतरला तो एकदा, शेवटची काही मिनिटं, मॅच हातातून गेल्यावर. ती आमची शेवटची मॅच. चिंचेखालची तालीम नेहमीच्या जागी, सेमीफायनलच्या अलीकडं बाहेर पडली. उतरल्यावर त्याच्या पायाला बॉल दोनदा लागला. दुसऱ्या वेळी त्यानं फ्रान्सिसला असा पास दिला की गोल व्हायला हवा होता. फ्रान्सिसनं तो बाहेर मारला.

मे महिन्यात गुडघा गेला. ग्राउंडवर नाही, लेथवर उभा असताना. डॉक्टर म्हणाले, सांगितलं होतं तसंच झालं.

फायनलला नवरंग होती. त्या वर्षी मीही हट्टानं स्टेडियममध्ये गेले. हा एकटा तिथं बसलाय हे मला घरात बसून सोसवलं नसतं. गॅलरीत निवासच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला एकनाथ, त्याच्या पलीकडं सुभान. खाली टीम बाहेर आल्या, सगळं स्टेडियम उठलं, हलगी वाजायला लागली. मी निवासकडं बघायचं टाळलं.

नवरंग जिंकली. मधल्या फळीत त्यांच्याकडं एक वयस्कर खेळाडू होता, दुसऱ्या पेठेतून आणलेला, केस विरळ झालेला. फारसा पळत नव्हता. उभ्या उभ्या पास देत होता आणि पोरांना हातानं दाखवत होता, इकडं ये, तिकडं जा. दोन्ही गोल त्याच्या पायातून सुरू झाले.

"ही जागा अण्णाची हुती," एकनाथ म्हणाला. शेंगदाणे चघळत, सुभानकडं बघून. "कायबी म्हण, अण्णानं जायला पायजे हुतं. अशी संधी परत येत न्हाई मर्दा. आज तो कप ह्याच्या हातात असता."

सुभान त्याच्याकडं बघतच राहिला.

एकनाथ आमच्या बाजूला वळला. "खरं सांग अण्णा, का गेला न्हाईस तू?"

निवासनं त्याचा चेहरा निरखला. मीही बघितला. चेष्टा असेल असं वाटलं मला, पण तिथं चेष्टा नव्हती. त्याच्या डोळ्यांत निवासबद्दल खरीखुरी हळहळ होती. त्याला आठवतच नव्हतं. त्याचं ते रडणं, वस्तादांचं ताट, पिवळी झालेली गल्ली, सगळं तो कधीच मागं टाकून पुढं निघून आला होता आणि आता मनापासून विचारत होता.

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. निवासनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मलाच जावंसं वाटलं न्हाई रे," तो एकनाथला म्हणाला.

"चुकलास," एकनाथ म्हणाला.

"व्हय. चुकलंच."

"जाऊ दे, मनाला लावून घिऊ नकोस," एकनाथनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शेंगदाण्यांची पुडी पुढं केली. निवासनं चार दाणे घेतले.

खाली नवरंगची पोरं कप डोक्यावर घेऊन मैदानाला फेरी मारत होती. आमच्या गॅलरीसमोर आली तसा एकनाथ उठला. नवरंग का असेना, चांगल्या खेळाला टाळी द्यायची, असं म्हणून टाळ्या वाजवायला लागला. हळूहळू आमची सगळी रांग उभी राहिली. निवासला चटकन उठता येत नव्हतं. मी हात दिला. एका हातानं कठडा, एका हातानं मला धरून तो उभा राहिला, तोल सावरला, मग माझा हात सोडून तोही टाळ्या वाजवायला लागला.